जाड कोंबडीची गोष्ट

मागच्या विकांताला आजोळी जाऊन आलो. आजोळ म्हणजे आणे. जुन्नर तालुक्यातलं, पार पूर्वेच्या टोकाचं. पुण्याहून नाशिक रस्त्याने आळेफाट्यापर्यंत जायचं, तिथे नगरच्या बाजूला वळायचं, बेल्हे मागे टाकायचं, मग गुळुंचवाडीचा तो नैसर्गिक पूल, मग आणे घाट, आणि घाट चढून वर आलात की आमचं पठार. जुन्नर म्हटलं की लोकांना शिवनेरी, धरणं आणि द्राक्षाचे मळे आठवतात. आमच्या पठारावर यातलं काहीही नाही. पाऊस सगळा पश्चिमेलाच सांडून येतो, आमच्या वाट्याला वारा. शेतीचा भरवसा नाही म्हणून मामाने बऱ्याच वर्षांपूर्वी ब्रॉयलर कोंबड्यांची शेड टाकली.

बरोबर आई आणि धाकटी बहीण होती. दुपारी मामीने आमटी-भाकरीचा बेत केला होता. रंगदासस्वामींच्या यात्रेत कढयांतून शिजते ना, तशी झणझणीत आमटी. धाकटीने दुसऱ्या भाकरीला हात घातला आणि पंगतीतून कुणीतरी म्हणालं, "अगं बास की आता, लग्न व्हायचंय तुझं."

सगळे हसले. तीही हसली. भाकरी परत ठेवली. मीही हसलो... आणि त्याच भरात तिसरी भाकरी घेतली. मला कुणी काही म्हणालं नाही. मी पहिल्यापासून काटकुळा.

हा लेख त्या हसण्याबद्दल आहे. मध्ये विषाणू येतील, कोंबड्या येतील, अमेरिका येईल, पण शेवटी परत त्या पंगतीतच यायचंय.

आधी माझा गुन्हा

धाकटी लहानपणापासून अंगाने जाड. आमच्या घरात ती कधी 'समस्या' झाली ते आठवत नाही, पण मी इंजिनियर झाल्यावर ती माझ्यासाठी 'प्रॉब्लेम स्टेटमेंट' झाली हे पक्कं आठवतं. नवीन नोकरी, नवा लॅपटॉप, डोक्यात हवा. मी तिला एक्सेलची शीट करून दिली. एका रकान्यात खाल्लेले उष्मांक, दुसऱ्यात जाळलेले, तिसऱ्यात वजाबाकी. उणे आलं तर हिरवं, अधिक आलं तर लाल. वर तिला ऐकवलं, "हे बघ, यात भावना वगैरे काही नाही. साधं गणित आहे."

तिने चार महिने प्रामाणिकपणे भरली ती शीट. वजन थोडं उतरलं, मग थांबलं, मग परत चढलं. माझा निष्कर्ष तयार होता: डेटा एंट्रीत लबाडी आहे. म्हणजे बहीण चोरून खाते. हे मी तिला तोंडावर म्हणालो.

पुढे एकदा ती सतत दमायला लागली. जिना चढताना धाप लागायची. डॉक्टरकडे गेली. तपासणी नाही, काही नाही, 'वजन कमी करा.' आम्हालाही ते पटलं, कारण आम्हीही तेच म्हणत होतो. वर्षभराने दुसऱ्या एका डॉक्टरांनी साधी रक्ततपासणी करायला लावली तेव्हा कळलं, हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. एक वर्ष ती पंडुरोग अंगावर काढत होती, आणि आम्ही सगळे तिला चालायला जा म्हणत होतो.

एखादं स्पष्टीकरण इतकं सोपं आणि इतकं सोयीचं असतं की ते मिळाल्यावर माणूस पुढे बघायचंच बंद करतो. असो.

मामाचं तराजू

जेवण झाल्यावर मामाबरोबर शेडवर गेलो. पाचेक हजार पक्षी, खाली भाताचं तूस, वर पंखे. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, औषध देते. मामाने ती साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवस सांभाळायची आणि वजनावर पैसे घ्यायचे. या धंद्यात देवाच्या खालोखाल कुणाला मान असेल तर 'एफसीआर'ला. म्हणजे एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागलं तो आकडा. माझी एक्सेल शीट म्हणजे कोंबड्यांचा एफसीआरच होता म्हणा ना.

मी मामाला म्हणालो, "मग सगळ्यांना तेच खाद्य, तीच जात, तोच दिवस, म्हणजे सगळ्या एकाच वजनाच्या होत असतील."

मामा हसायला लागला. "अरे, एफसीआर लॉटचा निघतो. कोंबडीचा नाही. एका शेडमध्ये एक पावणेदोन किलोची असते, तिच्या शेजारची अडीचची. का, ते त्या कोंबडीला विचार."

कोपऱ्यात सकाळची मरतूक काढून ठेवली होती. मामाने एक मेलेला पक्षी पायाला धरून उचलला, हातात जोखला आणि म्हणाला, "ही आजारी होती. हलकी लागते बघ. छाती बसलेली असते. आजारी पडलं की खाणं सुटतं, अंग उतरतं."

हे वाक्य लक्षात ठेवा. आजारी पडलं की अंग उतरतं. हे मामाला माहीत आहे, तुम्हाला-मला माहीत आहे, आणि ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या एका तरुण डॉक्टरलाही माहीत होतं. म्हणूनच तो चमकला.

परळची कोंबडी

त्या डॉक्टरांचं नाव निखिल धुरंधर. वडील डॉ. विनोद धुरंधर मुंबईत लठ्ठपणावर उपचार करणारे नावाजलेले डॉक्टर, मुलगाही त्याच वाटेने गेलेला. रोज समोर जाड माणसं. वजन उतरायचं, परत चढायचं. त्यांना तेच सल्ले देऊन देऊन बहुधा त्यांच्याही डोक्यात किडा वळवळायला लागला असणार.

१९८०च्या दशकात या भागात कोंबड्यांमध्ये साथ आली आणि कोंबड्या पटापट मरायला लागल्या. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. एस. एम. अजिंक्य त्या साथीचा शोध घेत होते. कारण एक अ‍ॅडेनोविषाणू असल्याचं त्यांना आढळलं. पुढे त्याला 'स्माम-१' हे नाव मिळालं. धुरंधरांशी गप्पा मारताना अजिंक्यांनी सहज सांगितलं की मेलेल्या कोंबड्या उघडून बघितल्या तर यकृत फिकं आणि मोठं झालेलं, मूत्रपिंडं सुजलेली, आणि पोटात चरबीच चरबी.

आता हे वाक्य शंभर लोकांनी ऐकलं असतं तर नव्व्याण्णव 'अरे वा' म्हणून चहा प्यायले असते. धुरंधरांनी मात्र मामाचाच प्रश्न विचारला. विषाणूने मेलेली कोंबडी रोड असायला हवी. ही जाड कशी?

मग त्यांनी प्रयोग केला. निरोगी कोंबड्यांचे गट केले, एका गटाला विषाणू टोचला, दुसऱ्याला नाही. विषाणूवाल्या कोंबड्यांच्या अंगात जास्त चरबी साठली. गंमत पुढेच आहे. चरबी वाढली की रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड वाढणार असं आपण धरून चालतो. इथे दोन्ही कमी झाले. म्हणजे हा नेहमीचा 'जास्त खाल्लं म्हणून जाड झालं' वाला नमुना नव्हता.

पुढचा प्रश्न उघड होता. माणसाचं काय? स्माम-१ हा पक्ष्यांचा विषाणू, तो माणसाला होत नाही अशीच समजूत होती. तरी त्यांनी आपल्या ५२ जाड रुग्णांचं रक्त तपासलं. १० जणांच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली. म्हणजे शरीराची कधीतरी या किंवा अशाच विषाणूशी गाठ पडली होती. या १० जणांचं सरासरी वजन ९५ किलोच्या आसपास होतं, उरलेल्यांचं ८० च्या. आणि त्यांचं कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड? कमी. कोंबड्यांसारखंच. हा निबंध १९९७ साली छापून आला.

५२ माणसं म्हणजे काहीच नाही, हे मला कळतं. पण डीबगिंग करणाऱ्या कुणालाही विचारा. दोन वेगळ्या मशीनवर तोच विचित्र एरर दिसला की पोटात जी कालवाकालव होते ना, ती त्यांना झाली असणार.

परवाना नाही

चालता दवाखाना बंद करून, बायको-मुलाला घेऊन हा माणूस अमेरिकेला गेला. लठ्ठपणा संसर्गाने होऊ शकतो हे वाक्य ऐकून प्रयोगशाळेत जागा देणारे लोक फारसे नव्हते. शेवटी विस्कॉन्सिन विद्यापीठात डॉ. रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी दार उघडलं. तिथे नवीन विघ्न: अमेरिकेच्या शेती खात्याने स्माम-१ देशात आणायला परवानगी नाकारली. बरोबरच आहे. कोंबड्या मारणारा परदेशी विषाणू कोण आत घेईल?

मग त्यांनी माणसांना होणाऱ्या अ‍ॅडेनोविषाणूंची यादी समोर घेतली. त्या वेळी असे पन्नासएक प्रकार माहीत होते. सर्दी, खोकला, डोळे येणं, पोट बिघडणं, असली किरकोळ दुखणी करणारी ही मंडळी. त्यातला ३६ क्रमांकाचा त्यांनी निवडला. हा जर्मनीत १९७८ साली एका आजारी मुलीच्या नमुन्यातून वेगळा केलेला होता. निवडण्याचं एक कारण व्यवहारी होतं. याची प्रतिद्रव्यं बाकीच्या भावंडांच्या प्रतिद्रव्यांत मिसळत नाहीत, त्यामुळे तपासणीत गोंधळ होत नाही.

नेम बसला. हा अ‍ॅड-३६ टोचल्यावर कोंबड्या जाड झाल्या, उंदीर जाड झाले, पुढे मार्मोसेट माकडंही जाड झाली. आणि कोलेस्टेरॉलचा तोच उलटा खेळ. २००५ साली अमेरिकेतल्या तीन राज्यांतल्या ५०२ माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: जाड लोकांपैकी ३० टक्क्यांत या विषाणूची प्रतिद्रव्यं, जाड नसलेल्यांपैकी ११ टक्क्यांत. त्यातच जुळ्यांचाही भाग होता. ज्या जोड्यांत एकाला संसर्ग होऊन गेला होता आणि दुसऱ्याला नाही, तिथे संसर्गवाला जुळा सरासरीने जाड निघाला. जनुकांचा मुद्दा इथे बराच बाजूला पडतो.

धुरंधरांनी याला नाव दिलं 'इन्फेक्टोबेसिटी'. मराठीत काय म्हणायचं? संसर्गजन्य लठ्ठपणा म्हटलं की लोक जाड माणसापासून लांब बसायला लागतील, म्हणून ते नकोच. (तसं काही नसतं. संसर्ग असलाच तर तो कधीतरी होऊन गेलेला असतो. मागे राहतात ती प्रतिद्रव्यं आणि, संशय असा की, चरबी.)

आत नेमकं काय होतं

मला सगळ्यात आवडलेला भाग हा आहे, कारण इथे 'कसं' कळतं.

आपल्या चरबीच्या थरात फक्त भरलेल्या चरबीपेशी नसतात. काही कोऱ्या, अजून काहीच न झालेल्या मूळ पेशीही असतात. त्यांना आदेश मिळाला की त्या विभागतात आणि चरबीपेशी बनतात. एरवी अ‍ॅडेनोविषाणूचा खाक्या असा: पेशीत घुसायचं, स्वतःच्या प्रती काढायच्या, पेशी फोडून बाहेर पडायचं. अ‍ॅड-३६ चरबीच्या ऊतीत गेला की वेगळं वागताना दिसतो. त्याचं 'ई४ ओआरएफ१' नावाचं एक जनुक आहे. ते पेशीच्या आतली अशी एक कळ दाबतं जी एरवी इन्सुलिन दाबतं. पेशीला वाटतं इन्सुलिन आलं. ती रक्तातली साखर आत ओढते, कोऱ्या पेशी चरबीपेशी व्हायला लागतात, आणि त्या पेशींत तेल साठायला लागतं. २००७ साली लुईझियानातल्या संशोधकांनी माणसांच्या शरीरातून शोषून काढलेल्या चरबीतल्या मूळ पेशी घेतल्या. विषाणू घातलेल्या भांड्यात आठवड्याभरात बहुतेक पेशी चरबीपेशी झाल्या, न घातलेल्या भांड्यात नाही.

साखर आणि चरबी रक्तातून उचलून कोठारात टाकली जाते, म्हणून रक्त स्वच्छ आणि कोठार भरलेलं. आता ती कोलेस्टेरॉलची उलटी गंमत थोडी कळायला लागते.

याला आणखी एक तुकडा जोडा. २००८ साली स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या लोकांनी एक भन्नाट काम केलं. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत जास्तीचा कार्बन-१४ पसरला होता. पेशीच्या डीएनएत तो किती आहे यावरून पेशीची जन्मतारीख काढता येते. त्यावरून त्यांनी दाखवलं की चरबीपेशींची संख्या बालपणात आणि पौगंडावस्थेत ठरते आणि पुढे जवळपास तेवढीच राहते. दर वर्षी दहाएक टक्के पेशी मरतात, तितक्याच नव्या येतात. पोटाची शस्त्रक्रिया करून वजन बरंच उतरवलं तरी पेशींची संख्या घटत नाही, नुसत्या रिकाम्या होऊन बसतात. रिकाम्या पिशव्या, परत भरायची वाट बघत.

म्हणजे लहानपणी कुठल्याही कारणाने, विषाणू म्हणा, जनुकं म्हणा, खाणं म्हणा, पिशव्या जास्त शिवल्या गेल्या, तर ते ओझं जन्मभराचं. आणि तीस वर्षांनी कुणीतरी काटकुळा भाऊ येऊन एक्सेल शीट देणार.

थांबा, लगेच टाळ्या नकोत

इथवर वाचून कुणी 'बघ, मी म्हणत नव्हतो, मला व्हायरस आहे' म्हणत वडापाव मागवत असेल तर जरा थांबा.

एक: सगळ्या अभ्यासांची उत्तरं सारखी आलेली नाहीत. २०१० साली अमेरिकी सैनिकांवर झालेल्या अभ्यासात जाड आणि सडपातळ दोघांत प्रतिद्रव्यांचं प्रमाण जवळपास सारखं निघालं. २०११ सालच्या नेदरलँड्स-बेल्जियमच्या अभ्यासात तर विषाणूच फार थोड्यांत सापडला आणि लठ्ठपणाशी संबंध दिसला नाही. उलट २०१०च्याच कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या अभ्यासात १२४ पैकी १९ मुलांत प्रतिद्रव्यं होती आणि त्यातली बहुतेक जाड होती. सगळं एकत्र करून पाहणारे अभ्यास 'संबंध दिसतो' कडे झुकतात, पण संबंध म्हणजे कारण नव्हे. कदाचित जाड शरीरात संसर्ग लवकर होत असेल. छडा लावायचा तर निरोगी माणसांना मुद्दाम विषाणू टोचून बघावं लागेल, आणि ते कुणीही करणार नाही. करूही नये.

दोन: ऊर्जा अक्षय्यतेचा नियम कुठलाही विषाणू मोडत नाही. साठलेली चरबी कुठून तरी आलीच पाहिजे.

तीन: आपल्या आयुष्यात गेल्या वीस वर्षांत काय बदललं ते सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. दिवसाचे दहा तास खुर्ची, दोन तास हिंजवडीचा ट्रॅफिक, रात्री अकराला दारात आलेली बिर्याणी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या साधारण दर चार प्रौढांमागे एकाचं वजन जास्त निघालं. याचं खापर एका जर्मन विषाणूवर फोडणं हास्यास्पद आहे.

चार, आणि हे मामाच्या वतीने: कोंबडी खाल्ल्याने कुणी जाड होतो असं यातून काहीही निघत नाही. अ‍ॅड-३६ माणसांचाच विषाणू आहे, आणि नीट शिजवलेल्या रश्श्यात कुठलाच विषाणू टिकत नाही. मामाला ही गोष्ट सांगितल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "हे लिहू नको बाबा, लॉट निघायचाय माझा." :-)

मग उरलं काय?

मला विचाराल तर बरंच उरलं.

समजा, रात्री तीनला फोन येतो: सर्व्हरची डिस्क भरली. तुम्ही उत्तर देता, "लिहिलेलं जास्त झालं आणि पुसलेलं कमी, म्हणून भरली." शंभर टक्के खरं उत्तर आहे. पण दुसऱ्या दिवशी मॅनेजर तुम्हाला घरी पाठवेल. कारण प्रश्न हा आहे की जास्त *का* लिहिलं गेलं? कुठली प्रोसेस लिहितेय? पुसणारी का बंद पडली? 'जास्त खाल्लं, कमी जाळलं' हे लठ्ठपणाचं तसलं उत्तर आहे. तो हिशेब झाला, कारण नव्हे. भूक कोण लावतंय, मिळालेलं साठवायचं की जाळायचं हे कोण ठरवतंय, पिशव्या किती आहेत, हे खरे प्रश्न. त्यांची उत्तरं माणसागणिक वेगळी असू शकतात. काहींच्या बाबतीत जनुकं, काहींच्या थायरॉइड, काहींच्या औषधं, काहींच्या झोप, काहींच्या नुसतीच बिर्याणी. आणि काहींच्या बाबतीत, कदाचित, लहानपणी होऊन गेलेली एक सर्दी.

पोटातल्या अल्सरची गोष्ट आठवा. वर्षानुवर्षं रुग्णांना ऐकवलं जायचं की तिखट खाऊ नका, काळजी करू नका, स्वभाव बदला. मग ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं की बहुतेक अल्सरांमागे एक जिवाणू आहे. मार्शलने १९८४ साली तो जिवाणू स्वतः पिऊन बघितला. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. धुरंधरांचं काम तिथवर पोचलेलं नाही, कदाचित पोचणारही नाही. जाड माणसांपैकी बहुतेकांचं कारण विषाणू निघणार नाही असंच मलाही वाटतं. पण ज्यांना इतकी वर्षं 'स्वभाव बदला' सांगितलं त्या अल्सरच्या रुग्णांची माफी कुणी मागितली का, हा प्रश्न मला छळतो.

माझं म्हणणं एवढंच. एखाद्याच्या अंगावर किती चरबी आहे यावरून तो किती खातो, किती आळशी आहे, त्याचा मनावर किती ताबा आहे हे ओळखता येतं असं आपण समजतो. ते ओळखता येत नाही. विज्ञानात इतकी वर्षं काढलेल्या लोकांना येत नाही, तर पंगतीत बसलेल्या काकाला कुठून येणार?

आणि बारीक असणं म्हणजे चारित्र्याचं प्रमाणपत्र नव्हे. हे मला पुण्यातल्याच संशोधनाने शिकवलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला एक फोटो आहे. दोघेही शास्त्रज्ञ शेजारी शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय २२. युडकिनच्या शरीरात ९.१ टक्के चरबी, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सारखेच. आपण भारतीय दिसायला बारीक आणि आतून चरबीदार असू शकतो.

हे मी कधी वाचलं? हापिसातल्या वार्षिक तपासणीत माझा तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.२ आला तेव्हा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मी, काटकुळा, तिसरी भाकरी घेणारा, शीट बनवणारा. त्याच महिन्यात धाकटीनेही तपासणी केली होती. तिचं हिमोग्लोबिन आता ठीक आहे. साखर, कोलेस्टेरॉल सगळं जागेवर.

यावरून तिला तो विषाणू होऊन गेला असेल वगैरे तर्क मी लढवणार नाही. मोह होतो, पण दोन माणसांच्या रिपोर्टवरून काही सिद्ध होत नसतं. सिद्ध एवढंच झालं की मी तिच्याकडे बघून जे ठरवलं होतं ते चूक होतं, आणि स्वतःकडे बघून जे ठरवलं होतं तेही.

आण्याहून परत येताना घाट उतरताना मी तिला धुरंधरांची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणालो, "तू तेव्हा चोरून खात नव्हतीस ना?"

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "दोनदा खाल्लं होतं. दोन्ही वेळा शीटमध्ये लिहिलं होतं. तू लाल रंग बघितलास, रकाना वाचला नाहीस."

आळेफाट्याला चहाला थांबलो. तिने एक प्लेट भजी मागवली. मी माझ्या चहात साखर नको म्हणून सांगितलं. आई काहीतरी बोलणार होती, मी तिच्याकडे नुसतं बघितलं. ती गप्प बसली.

पुढच्या वेळी पंगतीत कुणी असं म्हणालं तर मी हसणार नाही, एवढं ठरवलंय. तुम्हीही बघा जमतं का.

ता.क.: मामाचा लॉट निघाला. वजनं चांगली लागली. सगळ्यांची सारखी नाही, अर्थात.